बालवाडीत दरवर्षी एक फाइल जास्त : मुलं बदलली की आपली नजर?

बालवाडीच्या_बाई | ७ जुलै, २१:१०

नमस्कार मंडळी. दादरला एका मराठी माध्यमाच्या बालवाडीत मी बावीस वर्षं शिकवतेय. वर्गात साधारण पंचवीस मुलं असतात. पहिल्या दहा वर्षांत डॉक्टरांचा कागद घेऊन आलेलं मूल मला एकच आठवतं. यंदा जूनमध्ये चार जणांच्या आया फायली घेऊन आल्या. दोघांच्या फाइलवर ऑटिझम, एकावर 'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले' (म्हणजे एकूणच वाढ-विकास मागे) आणि एकावर नुसतंच 'निरीक्षणाखाली'.

मधल्या सुट्टीत आमच्यात वाद झाला. एक म्हणाली मोबाइल, दुसरी म्हणाली उशिराची लग्नं, तिसरी म्हणाली हवाच खराब आहे, आणि मुख्य बाई म्हणाल्या, "डॉक्टरांना पेशंट हवेत, दुसरं काय!"

खरं तर मला काळजी आहे ती पाचव्याची. त्याची फाइल नाही. साडेतीन वर्षांचा. हाक मारली तर वळत नाही. सकाळी आला की दाराबाहेरच्या चपला मापाप्रमाणे लावत बसतो, आणि कोणी आपली चप्पल उचलली की तोंड लाल होईपर्यंत रडतो. आजी पोचवायला येते. ती म्हणते, "ह्याचे बाबा पण चार वर्षांनी बोलले होते."

तर प्रश्न दोन. हे खरंच वाढलंय का? आणि मी आजीला काही बोलावं का?

फास्ट_लोकल | ७ जुलै, २१:१६

मोबाइल. विषय संपला. बोरिवलीला गाडीत चढलो की समोरच्या बाळाच्या हातात मोबाइल, अंधेरीपर्यंत बाळाने मान वर केलेली नसते. आईनेही नसते. (मीही हे मोबाइलवरूनच लिहितोय, ते सोडा.)

सोनचाफा | ७ जुलै, २१:३०

बाई, दुसऱ्या प्रश्नाला आधी उत्तर देते. बोला. माझ्या मुलीच्या बाईंनी 'पालक दुखावतील' म्हणून वर्षभर तोंड उघडलं नाही. ते वर्ष मला कोणी परत देणार नाही.

आकडेबहाद्दर | ७ जुलै, २२:४८

विषय एवढ्या लवकर संपत नाही हो फास्ट_लोकल.

अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था आठ वर्षांच्या मुलांची मोजदाद करते. त्यांच्या नोंदी अशा : २००० साली १५० मुलांत एक ऑटिस्टिक, २०१० साली ६८ त एक, २०२० साली ३६ त एक आणि २०२२ साली ३१ त एक. एवढंच वाचलं तर साथच आली असं वाटेल. पण त्याच २०२२ च्या मोजणीत टेक्सासमधल्या लारेडोत १०३ मुलांत एक सापडतो आणि कॅलिफोर्नियातल्या केंद्रात १९ त एक! एकाच देशात, एकाच वर्षी. कॅलिफोर्नियाच्या पाण्यात काही मिसळलंय असं नाही. तिथे लहानपणीच तपासण्याची व्यवस्था दांडगी आहे. जिथे शोधतात तिथे सापडतं.

दुसरं म्हणजे व्याख्या. १९४३ साली लिओ कॅनरने अकरा मुलांचं वर्णन केलं, तेव्हा ऑटिझम म्हणजे फार थोडी, फार ठळक लक्षणांची मुलं. १९८० साली अमेरिकी मनोविकार नियमावलीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. १९९४ साली अस्पर्जर, म्हणजे बोलणं-बुद्धी ठीक असलेला सौम्य प्रकार, आत आला. २०१३ साली सौम्य ते तीव्र सगळं एका 'स्पेक्ट्रम'खाली घातलं, आणि एकाच मुलाला ऑटिझम व एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) अशी दोन्ही निदानं देण्याची मुभाही त्याच वेळी मिळाली. आधी ती नव्हती. जाळं मोठं केलं की मासे जास्त लागणारच. डेन्मार्कमध्ये नोंदणीची पद्धत बदलल्याचा परिणाम मोजला, तर वाढीतला सुमारे ६० टक्के भाग नुसता त्याचाच निघाला.

आपल्याकडचं म्हणाल तर २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांची मुलं तपासली. ऐकण्या-बोलण्यापासून फिट्स, ऑटिझम, अध्ययन अक्षमतेपर्यंत नऊ प्रकार धरले, तर जवळजवळ आठांतल्या एका मुलाला काही ना काही होतं. बाईंच्या पंचविसांच्या वर्गात तीन. चार म्हणजे काही आक्रीत नाही. आधीच्या बावीस वर्षांतले तीन-तीन कुठे गेले, हे खरं कोडं आहे.

चष्मिष्ट | ७ जुलै, २२:५५

शेवटच्या वाक्याला +१.

गिरगावकर | ७ जुलै, २३:२०

कुठे गेले? कुठेच नाही. आमच्यातच होते.

आमच्या चाळीत एक मुलगा होता, आम्ही त्याला भोंगा म्हणायचो. पहाटे साडेचारला नळाला पाणी आलं की एकेक दार ठोठावत जायचा. तीन मजले, बेचाळीस खोल्या. एकही दिवस चुकला नाही. दुसऱ्या कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. त्याला ना फाइल, ना थेरपी, ना वर्गात शेजारी बसणारी शॅडो टीचर. चाळीने त्याला सामावून घेतलं होतं. गणपतीत आरतीच्या वेळी घंटा त्याच्याकडेच. आता ब्लॉकमध्ये राहतो आपण, शेजाऱ्याचं नाव ठाऊक नसतं, मग मूल जरा वेगळं दिसलं की धाव डॉक्टरकडे.

कोकणस्थ_बेडूक | ७ जुलै, २३:२६

+१. आणि आमच्या अहोंनाही हाक मारली तर वळत नाहीत. वय त्रेपन्न. कुठे दाखवू?

फास्ट_लोकल | ७ जुलै, २३:३१

बेडूकताई, 'वेतन आयोग' म्हणून हाक मारून बघा. वळले तर कान शाबूत आहेत.

उंबरठा | ८ जुलै, ०१:०४

गिरगावकर, राग धरू नका, पण झोप येईना म्हणून लिहिते.

माझा भाऊ १९७१ चा. लालबागची चाळ. तुमच्या भोंग्यासारखाच. त्याला गॅलरीतल्या बादल्या रंगावार लावायची सवय होती. लोक हसायचे, मुद्दाम निळ्यात लाल ठेवायचे आणि तो ओरडायला लागला की मुलं गोळा व्हायची. दिवाळीत त्याच्या मागे लवंगी माळ सोडायचे, कारण तो कानावर हात ठेवून जिन्याखाली पळायचा आणि त्याची गंमत वाटायची. हेच लोक आज लग्नात भेटले की म्हणतात, "आपला बाळू! सगळ्यांचा लाडका होता हो."

चाळीने सामावून घेतलं नाही. आईने घेतलं. ती बत्तीस वर्षं कोणाच्या लग्नाला मुक्कामाला गेली नाही. माहेरी सावंतवाडीला एकदा गेली, तर दुसऱ्या दिवशी परत. शाळेने तिसरीत काढून टाकला. 'मतिमंद' म्हणून. मतिमंदांच्या शाळेने म्हटलं, ह्याला तर वाचता येतं, हा आमचा नाही. मग घरीच.

२०१७ साली, त्याच्या शेचाळिसाव्या वर्षी, मी त्याला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी आईला पहिल्या पाच वर्षांबद्दल विचारलं. पहिला शब्द कधी, बोट दाखवून काही मागायचा का, कडेवर घेतलं की अंग ताठ करायचा का. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तरची. रेशनकार्ड कुठे ठेवलं ते आठवत नाही, पण हे सगळं तारीखवार सांगितलं. दीड तास बोलत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "हे आजवर कुणी विचारलंच नाही मला."

आकडेबहाद्दर, तुमच्या कोड्याचं उत्तर : १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, तेव्हा आला. माझा भाऊ तोवर कुठल्याच रकान्यात नव्हता. आता आहे. म्हणजे त्या वर्षी महाराष्ट्रात एक ऑटिस्टिक माणूस 'वाढला'.

गिरगावकर | ८ जुलै, ०७:४०

रात्री एकला लिहिलेलं सकाळी वाचलं. काय बोलू? भोंग्याचं खरं नाव आठवायचा प्रयत्न करतोय. आठवत नाही. आणि खरं सांगायचं तर फटाके आम्हीही सोडले होते.

खडीसाखर | ८ जुलै, १४:१५

मी सरकारी रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. डबा खाताना लिहितेय, तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

मोबाइल : दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. ते पाळा. सहा-सहा तास स्क्रीनपुढे बसलेलं मूल बोलायला मागे पडतं, हे रोज बघते. कारण त्या सहा तासांत त्याच्याशी कोणी बोललेलं नसतं. स्क्रीन काढली, घरातले बोलायला लागले की काही मुलं भराभर सुधारतात. त्याला हल्ली 'व्हर्च्युअल ऑटिझम' म्हणतात, पण असं निदान कुठल्याही अधिकृत यादीत नाही. आणि उलटंही असतं. ज्या मुलाला माणसांपेक्षा गोल फिरणारा पंखा जास्त आवडतो, ते स्क्रीनला आपसूकच चिकटतं. आईला वाटतं मी मोबाइल दिला म्हणून झालं. आधीच रात्र-रात्र जागणाऱ्या बाईच्या डोक्यावर हा आणखी एक धोंडा. पन्नास-साठच्या दशकात आईच्या 'थंडपणामुळे' मूल असं होतं म्हणायचे. ते साफ चूक निघालं. आता आईचा मोबाइल.

बाई, तुमच्या पाचव्यासाठी : सगळ्यात आधी कान. हाकेला वळत नाही म्हणजे ऑटिझमच असं नाही. कान फुटून बरे झालेले, आत पाणी साठलेलं, एका कानाने ऐकू न येणारं असं काहीही निघतं. बेरा (झोपेत कान तपासण्याची) चाचणी होऊ द्या. मग डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियन, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर. दीड-दोन वर्षांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची चाळणी असते, ती सोळा ते तीस महिन्यांपर्यंतच. हा तिच्या पुढे गेलाय. आपल्याकडे इसा म्हणून चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी आहे, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तीच वापरतात. चाळणीत अडकलं म्हणजे निदान झालं असं नाही, हे आजीला आवर्जून सांगा.

डबलडेकर | ८ जुलै, १५:०२

मी मुख्य बाईंच्या बाजूने बोलतो, कोणीतरी बोलायला हवं.

माझा मुलगा करोनात, २०२० च्या एप्रिलमध्ये जन्मला. वन रूम किचन, आम्ही दोघं, दोन वर्षं तिसरा माणूस नाही. बाहेर पडलो तर सगळ्यांच्या तोंडाला मास्क. अडीच वर्षांचा होता तेव्हा एका शाळेने प्रवेशाआधी 'रिपोर्ट आणा' म्हटलं. पहिल्याने चाळीस मिनिटांत ऑटिझम लिहिलं आणि लगेच त्याच्याच सेंटरचं सहा महिन्यांचं पॅकेज पुढे केलं. दुसरा म्हणाला एडीएचडी. अडीच वर्षांच्या मुलाला! तिसऱ्या बाई म्हणाल्या, भाषेचा उशीर आहे, बागेत न्या, सहा महिन्यांनी या. आज तो पहिलीत आहे आणि बोलायचा थांबत नाही, त्याचंच औषध शोधतोय. तेव्हा सगळंच 'नजर वाढली' असं नाही. थोडं दुकानही वाढलंय.

खडीसाखर | ८ जुलै, १५:२०

डबलडेकर, मान्य. अडीच वर्षांवर एडीएचडी लिहिणाऱ्याला मी पण हात जोडते. दोन्ही खरं आहे : ज्यांना गरज नाही त्यांच्यावर शिक्के बसतात, आणि गोवंडी-मानखुर्दहून माझ्याकडे येणारी मुलं सहा-सात वर्षांची होईपर्यंत त्यांना कोणी पाहिलेलंच नसतं. तुमच्या मुलाला तिघांनी तपासलं. माझ्या रांगेतल्या मुलाला एकाने तपासायला महिने जातात. निदान करतानाच पॅकेज विकणाऱ्याला मात्र टाळा, आणि जिथे आई-बापाला खोलीबाहेर बसवतात तिथेही जाऊ नका. तुमच्या तिसऱ्या बाई शहाण्या, कारण त्यांनी 'सहा महिन्यांनी या' म्हटलं, 'काही नाही, होईल' म्हटलं नाही.

अनामिका_बोरिवली | ८ जुलै, १६:४४

लसीने ऑटिझम होतो म्हणतात, त्याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या ग्रुपवर रोज येतं. आणि गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलबद्दल तर अमेरिकेच्या अध्यक्षांनीच सांगितलं.

आकडेबहाद्दर | ८ जुलै, १७:१०

अध्यक्षांनी सांगितलं म्हणून औषध वाईट होत नाही. लसीची गोष्ट १९९८ च्या एका लेखापासून सुरू झाली. बारा मुलांवरचा लेख. तो २०१० साली मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी लेखक वेकफिल्डचं ब्रिटनमधलं डॉक्टरकीचं नावच काढलं. २०१९ साली डेन्मार्कने साडेसहा लाखांहून जास्त मुलं तपासली, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध आढळला नाही. पॅरासिटामॉलचं तसंच : २०२४ साली स्वीडनमध्ये जवळपास पंचवीस लाख मुलांच्या नोंदी पाहिल्या. सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हा संबंध उरला नाही. म्हणजे फरक औषधाचा नव्हे, घराण्याचा. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आई-वडिलांचं वाढलेलं वय आणि फार आधी झालेला जन्म यांचाही थोडा वाटा निघतो, तेव्हा बाईंच्या 'उशिराची लग्नं'वाल्या मैत्रिणीला अर्धा मार्क द्या.

गोवर मात्र मुंबईत २०२२ च्या हिवाळ्यात येऊन मुलं घेऊन गेला. ते ग्रुपवर टाका.

निमूट | ८ जुलै, २१:०९

एरवी फक्त वाचतो. एक विचारायचं आहे. मुलगा पाच वर्षांचा, ऑटिझम. एका ठिकाणी स्टेम सेल (मूळ पेशींचा) उपचार करा म्हणतात. खर्च लाखांत. बायकोने दागिने काढून ठेवलेत.

खडीसाखर | ८ जुलै, २१:१३

नका करू. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानेच २०२२ साली स्पष्ट केलंय. दागिने परत कपाटात ठेवा. त्याच पैशात दोन-तीन वर्षं नियमित थेरपी होईल. तुम्ही कुठे राहता ते व्यक्तिगत निरोपात कळवा, जवळचं सांगते.

सोनचाफा | ८ जुलै, २१:४०

निमूट, आम्ही मुलुंडला पंचेचाळीस मिनिटांचे बाराशे देतो, आठवड्यातून तीनदा, म्हणजे काय ते मला कळतं. नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विम्याची योजना काढा, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीही येते. प्रमाणपत्र झालं की आयकराच्या जुन्या पद्धतीत पंच्याहत्तर हजारांची वजावट, गंभीर असेल तर सव्वा लाख. प्रमाणपत्राला 'शिक्का बसेल' म्हणून आम्ही दोन वर्षं घाबरलो. शिक्का लोकांनी आधीच मारलेला असतो, कागदाने निदान पैसे तरी वाचतात.

चष्मिष्ट | ८ जुलै, २२:०२

अवांतर : ऑटिस्टिकसाठी 'स्वमग्न' हा शब्द कोणाला पटतो का? माझा भाचा समाधी लावून बसलाय असं वाटतं. प्रत्यक्षात तो घरभर पळत असतो, आणि मग्न असलाच तर वॉशिंग मशीनमध्ये.

कोकणस्थ_बेडूक | ८ जुलै, २२:१०

'यंत्रमग्न' करा.

भाषेवरून आठवलं. माझ्या नातवाला बोलायला उशीर होतोय म्हणून कोणीतरी सांगितलं, घरात एकच भाषा बोला, आणि शाळा इंग्रजी म्हणून ती इंग्रजी. मग मला घरात गप्प बसायची पाळी आली. सहा महिने मी नातवाशी 'कम', 'इट', 'गुड बॉय' एवढंच बोलले. अंगाईसुद्धा बंद. मुलगा-सून दोघंही ऑफिसला, दिवसभर त्याच्याजवळ मी, आणि मीच मुकी.

खडीसाखर | ८ जुलै, २२:१९

हे वाचून माझं डोकं फिरलं. दोन-तीन भाषांमुळे उशीर होत नाही हो. लिफ्टमध्ये हिंदी, घरी मराठी, शेजारी गुजराती हे मुंबईच्या प्रत्येक मुलाचं आहे. ज्या माणसाला जी भाषा मनापासून येते, त्याने तीच बोलायची. उद्यापासून अंगाई सुरू करा. उद्या कशाला, आजच.

कोकणस्थ_बेडूक | ८ जुलै, २२:२४

केव्हाच केली. स्पीच थेरपीच्या बाईंनीच हळू आवाजात सांगितलं, "आजी, बोला तुम्ही." त्याचा पहिला नीट शब्द 'आमटी'.

बालवाडीच्या_बाई | १५ जुलै, २०:३५

धागा कुठल्या कुठे गेला, पण एकूण एक प्रतिसाद वाचला. आकडेबहाद्दर, मागच्या बावीस वर्षांचे गटफोटो काढून बसले होते. प्रत्येक फोटोत एक-दोन चेहरे आहेत, जे कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. तेव्हा मी त्यांना 'हट्टी' म्हणायचे. एकाला तर मी रोज कोपऱ्यात उभं करायचे. असो.

काल शाळा सुटल्यावर आजीला थांबवलं. कुठल्याही आजाराचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं, "हाक मारली की वळत नाही, आपण आधी कान तपासून घेऊ." आजी बराच वेळ पिशवीचा बंद गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "ह्याचे बाबा चार वर्षांनी बोलले हे मी सगळ्यांना सांगते. पण ती चार वर्षं मी रोज रात्री त्याच्या उशाशी बसून रडायचे, ते नाही सांगत."

गुरुवारी सकाळची वेळ मिळालीय, बांद्रा रेक्लमेशनला, अली यावर जंग संस्थेत. आई-बाबांना रजा नाही, आजीसोबत मीच जातेय. खडीसाखर, काही तयारी लागते का?

खडीसाखर | १५ जुलै, २०:५१

बेराच्या वेळी मूल गाढ झोपलेलं लागतं. आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, आणि वाटेत अजिबात डोळा लागू देऊ नका, नाहीतर तिथे पोचून टक्क जागा राहील. दूध-खाऊ, आवडती चादर, आणि त्याच्या चपला बरोबर ठेवा. लावायला दोन-तीन जोड असतील तर उत्तम.

उंबरठा | १५ जुलै, २१:१५

आजींना माझा नमस्कार सांगा. आणि डॉक्टरांना म्हणावं, बाबांच्या लहानपणाचंही विचारा त्यांना.

फास्ट_लोकल | १५ जुलै, २१:२२

वाटेत झोपण्याची काळजी सोडा बाई. दादर ते बांद्रा, गुरुवारी सकाळी, जिथे उभं राहायला जागा नाही तिथे झोपणार कोण? फक्त विरार फास्टमध्ये चढू नका, ती बांद्र्याला थांबली तरी लोक उतरू देणार नाहीत. स्लो पकडा.